पाच ओळी, पाच वाद्यं, तरी एरिया का जमत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी विंड क्विंटेट आहे: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून. हँडल आणि पर्सेल या बरोक काळातल्या संगीतकारांच्या ऑपेरांतल्या काही एरिया (एकट्याने गायची गाणी) बसवायच्या आहेत. गाण्याची ओळ ओबोला, पहिलं व्हायोलिन फ्लूटला, दुसरं क्लॅरिनेटला, व्हिओला हॉर्नला आणि बास बसूनला दिला. एकही स्वर बदललेला नाही. तरी ऐकायला जड आणि सपाट वाटतं, आणि तिसऱ्या पानापर्यंत सगळ्यांना धाप लागते. कुठे चुकतंय?

स्वर चुकलेले नाहीत. अडचण अशी की बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) ऑपेराच्या स्कोअरमध्ये ऐकू येणाऱ्या संगीताचा बराच भाग लिहिलेलाच नसतो. हार्पसिकॉर्डवाला बासच्या ओळीवरचे आकडे बघून मधली भर जागेवर घालतो, ती कागदावर नसते. गायिका शब्दांमुळे कुठे जोर देते, कुठे श्वास घेते, तेही नसतं. तुम्ही लिहिलेलं सगळं उतरवलंत, न लिहिलेलं राहून गेलं. शिवाय व्हायोलिनला श्वास लागत नाही आणि तुमच्या पाचही जणांना लागतो, म्हणजे ओळी तशाच ठेवल्या तर कुणालाच विश्रांती मिळत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगतो. हार्पसिकॉर्ड किंवा साधा कीबोर्ड सोबत असेल तर मधल्या स्वरांबद्दलचं पुढचं बरंचसं सोडून द्या. गायिका असेल तर ओबो मोकळा होतो आणि काम निम्म्याने सोपं होतं. मी दोन्ही नाहीत असं धरून लिहितो. वादक हौशी आहेत हेही धरतो, म्हणजे ओबोवाल्याचे ओठ पाऊण तास टिकतील असं गृहीत धरत नाही.

आधी निवड. शब्दांवाचून तग धरतील असेच तुकडे घ्या. नृत्याच्या चालीवर उभ्या असलेल्या एरिया सर्वांत भरवशाच्या. हँडलच्या ‘रिनाल्डो’तली (१७११) ‘लाशा क्यो पियांगा’ घ्या. ही चाल त्याने १७०५च्या ‘अल्मिरा’ ऑपेरात साराबांद नृत्य म्हणून आधीच वापरली होती, मग १७०७ च्या ओरातोरिओत वेगळ्या शब्दांवर, आणि मग इथे. मुळात वाद्यांसाठीच असलेली चाल वाद्यांकडे परत नेताना फारसं काही हरवत नाही. रामो या फ्रेंच संगीतकाराच्या ‘ले झँद गालांत’ या ऑपेरामधलं ‘ले सोवाज’ हे रोंदोही आधी हार्पसिकॉर्डचा तुकडा होतं, ऑपेरात नंतर आलं. याउलट ज्या एरियात बास आणि आवाज (म्हणजे गाण्याची ओळ) सोडून काहीच नाही आणि सगळी गंमत शब्दांच्या फेकीत आहे, ती पहिल्या कार्यक्रमाला घेऊ नका. रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखा गायचा भाग) तर वगळाच. दोन एरिया जोडायला हवाच असेल तर त्याच्या शेवटचे दोन कॉर्ड तेवढे ठेवा.

पट्टी बदलायला कचरू नका. त्या काळी लंडनमध्ये छापल्या जाणाऱ्या गाण्यांच्या सुट्या कागदांवर खाली ‘फ्लूटसाठी’ म्हणून तीच चाल अनेकदा वेगळ्या पट्टीत दिलेली असायची. ‘लाशा क्यो पियांगा’ एफ मेजरमध्ये आहे. क्लॅरिनेट आणि हॉर्नचे पार्ट ऐकू येणाऱ्या पट्टीपेक्षा वेगळ्या पट्टीत लिहितात, म्हणून बी फ्लॅट क्लॅरिनेटला ते जी मेजर दिसतं, एफ हॉर्नला सी मेजर. याहून सुखाचं काय असणार. पण ‘ज्युलिओ चेझारे’मधली (१७२४) ‘पियांजेरो’ ई मेजरमध्ये आहे, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यासमोर सहा शार्प येतात. ए क्लॅरिनेट असेल तर त्याला पुन्हा जी मेजर मिळतं, पण हॉर्नपुढे पाच शार्प उरतातच. मी ती ई फ्लॅटमध्ये उतरवतो. क्लॅरिनेटला एफ, हॉर्नला बी फ्लॅट, दोघंही खूष. ऐतिहासिक वाद्यांचे आजचे गट ए हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्झला लावतात, तो ४४० पेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने खाली असतो. त्यामुळे त्यांचं ई मेजर कानाला तुमच्या ई फ्लॅटसारखंच ऐकू येतं. म्हणजे शुद्धतावाद्यांना द्यायला उत्तरही हाताशी आहे.

आता प्रत्यक्ष काम. पाच ओळींचा कागद बाजूला ठेवा. दोनच ओळी काढा: वर आवाज, खाली बास आणि त्याचे आकडे. या दोन ओळी ओबो आणि बसूनने वाजवून बघा. जिथे दोघांतच संगीत पूर्ण वाटतं तिथे काही घालायचं नाही. जिथे पोकळ वाटतं तिथे कोणता स्वर हवासा वाटतो ते लिहा. एवढ्यावर अर्धा तास घालवलात तर पुढे घालायच्या स्वरांपैकी तिसरा हिस्सा आपोआप गळतो. त्याच बैठकीत श्वासाच्या खुणाही करा, आणि त्या इटालियन वाक्याच्या शेवटी येतील असं बघा. ओबोच्या पार्टमध्ये स्वरांखाली मूळ शब्द छापाच. ‘पियां-गा’मधला जोर पहिल्या अवयवावर आहे हे दिसलं की वादक दुसरा स्वर आपोआप हलका सोडतो. तेवढ्यासाठी दहा डायनॅमिक खुणा लिहाव्या लागत नाहीत.

मधली भर हा खरा कारागिरीचा भाग. आकडे म्हणजे बासपासून वरच्या स्वरांचं अंतर. आकडा ६ असेल तर बासमधला स्वर कॉर्डचा तिसरा आहे. तो वर पुन्हा देऊ नका, विशेषतः तो लीडिंग नोट (अर्धा स्वर वरच्या मुख्य स्वराकडे ओढणारा) असेल तर. जी मायनरमधला बासचा एफ शार्प क्लॅरिनेटलाही दिला तर दोघांनाही तो जीकडे न्यावा लागतो आणि समांतर सप्तकं तयार होतात. ६ वर ५ असेल तर तो ५ म्हणजे कॉर्डचा सातवा स्वर, तो खालीच उतरला पाहिजे आणि त्याच वाद्यात उतरला पाहिजे. ४-३ असेल तर ज्या वाद्याने चौथा धरला त्यानेच तो तिसऱ्यावर आणायचा, आणि त्या वेळी दुसऱ्या कुणाकडेही तिसरा स्वर असता कामा नये. तंतुवाद्यांत ही टक्कर थोडी झाकली जाते. ओबोशेजारी हॉर्न असला की ती उघडी पडते. बासशिवाय दोनच मधले स्वर पुष्कळ झाले. चार स्वरांचा कॉर्ड सतत भरत राहिलात तर तुम्हाला जाणवलेला जडपणा येणारच. कोणता स्वर गाळायचा असा प्रश्न पडला तर पाचवा गाळा. तिसरा आणि सस्पेन्शन (४-३ सारखा धरून ठेवून मग उतरवायचा स्वर) शेवटपर्यंत राखा.

हार्पसिकॉर्डचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो, फुंकीच्या वाद्याचा टिकतो. म्हणून जिथे कीबोर्डवर सबंध मिनिम (क्रोचेटच्या दुप्पट लांबीचा स्वर) लिहिलेला असतो तिथे मी क्रोचेट आणि क्रोचेटची विश्रांती लिहितो. हॉर्नला तर नेहमीच. हॉर्नला लांब स्वर दिले की पाचच बारांत ते एकोणिसाव्या शतकातलं वाटायला लागतं, बरोक राहत नाही. हॉर्नची जागा हार्पसिकॉर्डवाल्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची समजा. मध्य सीच्या खालच्या एफपासून मध्य सीच्या वरच्या सीपर्यंतचा पट्टा, त्यात सस्पेन्शनचे स्वर, मधूनच एखादी छोटी नक्कल. रिटोर्नेलोत (गाण्याच्या आधी, मध्ये किंवा शेवटी येणाऱ्या वाद्यांच्या भागात) त्याला मोकळं सोडा, आवाज आला की गप्प करा. हँडल स्वतः ओबोंच्या बाबतीत हेच करतो. रिटोर्नेलोत ओबो व्हायोलिनबरोबर असतात आणि गाणं सुरू झालं की ते थांबतात. मोठा-लहान आवाज तो खुणांपेक्षा वादक कमी-जास्त करून साधतो. तुमच्याकडे पाचच जण आहेत, तरी हे तंत्र चालतं. प्रत्येकाला एकूण बारांच्या निदान एक पंचमांश विश्रांती मिळते का ते मोजून बघा. मिळत नसेल तर अजून काहीतरी काढायचं राहिलं आहे.

हे सगळं एका तुकड्यावर बघू. पर्सेलच्या ‘डायडो अँड एनियस’चा शेवटचा विलाप. पट्टी जी मायनर, माप ३/२, पट्टी बदलायची गरज नाही. बासमध्ये पाच बारांचा ग्राउंड (पुन्हा पुन्हा येणारी बासची ओळ) आहे: जीवरून अर्ध्या-अर्ध्या स्वराने डीपर्यंत उतरणारी ओळ (जी, एफ शार्प, एफ, ई, ई फ्लॅट, डी), मग कॅडेन्स (वाक्य बंद करणारा शेवट) आणि खालचा जी. तो अकरा वेळा येतो. मुळात आवाज, तीन वरच्या तंतुवाद्यांच्या ओळी आणि बास, म्हणजे नेमक्या पाच ओळी. त्यामुळे वाटून टाकण्याचा मोह इथे सर्वांत जास्त होतो, आणि नुकसानही इथेच सर्वांत जास्त.

पाच बार म्हणजे १५ मिनिम. मिनिमला ६० चा वेग (मिनिटाला ६० मिनिम) ठेवला तर ग्राउंडची एक फेरी १५ सेकंदांची. बसूनवाल्याला ती एका श्वासात जमते, पण अकरा फेऱ्या सलग नाही. श्वासाची जागा एकच: शेवटचा खालचा जी संपल्यावर, वरचा जी घेण्याआधी. तिथे सप्तकाची उडी आहे, कानाला खाच जाणवत नाही. उतरणीच्या मध्ये श्वास कधीच नको, आणि उतरण दोन वाद्यांत वाटणंही नको. एफ शार्प बसूनकडे आणि एफ क्लॅरिनेटकडे गेला की ती ओळ राहतच नाही, दोन सुटे स्वर राहतात. एखादी फेरी बसूनला विश्रांती द्यायचीच असेल तर सबंध फेरी दुसऱ्याला द्या. बी फ्लॅट क्लॅरिनेट मध्य सीच्या खालच्या डीपर्यंतच जातो, त्यामुळे उतरण त्याला जमते, पण शेवटची कॅडेन्स त्याच्या खाली जाते. तेवढी हॉर्नला द्या. बदल उतरण संपल्यावर होत असल्यामुळे चालून जातो.

पहिली फेरी बसून एकटा. दुसऱ्या फेरीपासून ओबोवर आवाज. क्लॅरिनेट आणि हॉर्नला मधल्या तीन ओळींमधून निवडलेले दोन-दोन स्वर, तेही सस्पेन्शनला प्राधान्य देऊन. फ्लूट गप्प. इथे बहुतेक फ्लूटवाले नाराज होतात, पण समजावून सांगा: गाणं संपल्यावरच्या रिटोर्नेलोत वरची तंतुवाद्यं स्वतःच अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत येतात, तिथे फ्लूट पहिल्यांदा ऐकू आला पाहिजे. आधीपासून वाजत असेल तर तिथे नवं काहीच घडत नाही. आवाजाची वाक्यं ग्राउंडच्या सांध्याशी जुळत नाहीत, मुद्दामच. त्यामुळे ओबोच्या श्वासाच्या खुणा बसूनच्या खुणांवर बेतू नका. दोघांनी एकत्र श्वास घेतला तर पर्सेलने केलेली वीणच उसवते. ‘रिमेंबर मी’च्या वारंवार येणाऱ्या डीवर प्रत्येक स्वर जिभेने, पण मऊ. शेवटी आवाज वरच्या जीवर जातो तिथे ओबो पातळ होतो, म्हणून त्या बारात क्लॅरिनेट काढून टाका.

वाद्यांच्या मर्यादा थोडक्यात. व्हायोलिन मध्य सीच्या खालच्या जीपर्यंत जातं, ओबो बी फ्लॅटपर्यंतच आणि फ्लूट साधारण मध्य सीवर थांबतो. त्यामुळे दुसऱ्या व्हायोलिनची ओळ फ्लूटला किंवा ओबोला देताना खालचे स्वर आधी तपासा. व्हिओलाचे तळाचे दोन अर्धे स्वर क्लॅरिनेटला नाहीत. बसून मात्र चेलोच्या तळाच्या सीपेक्षाही एक स्वर खाली जातो, पण त्या तळात लहान आवाजात वाजवणं कठीण. फ्लूटचं पहिलं सप्तक इतरांच्या खाली दबतं. पहिलं व्हायोलिन जसंच्या तसं फ्लूटला दिल्यावर ऐकू न येण्याचं कारण हेच. सगळे वाजवत असताना ते एक सप्तक वर न्या, लहान आवाजाच्या भागात मूळ जागी ठेवा. फ्लूट लहान आवाजात वाजवला की सुरात उतरतो, क्लॅरिनेट लहान आवाजात वाजवला की चढतो. म्हणून अशा भागात त्या दोघांना एकाच स्वरावर ठेवू नका, सप्तकाचं अंतर द्या. लांब मेजर कॉर्डमधला तिसरा स्वर ज्याच्याकडे आहे त्याने तो ट्यूनरवर सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली धरला तर कॉर्ड स्थिर बसतो. बासवाल्याला हे करायला सांगू नका, बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतील.

आवाजाची ओळ खालच्या सप्तकात नेणं हा चांगला बदल ठरू शकतो. ‘सेर्से’मधली (१७३८) ‘ओम्ब्रा माई फू’ एफ मेजरमध्ये हॉर्नवर सुरेख बसते. पण धोका असा की हॉर्न कुठे कुठे बसूनच्या खाली जातो आणि कॉर्ड उलटतो, पक्का कॉर्ड अचानक ६-४ (पाचवा स्वर तळाशी असलेला) होऊन अधांतरी लोंबतो. हे कागदावर दिसत नाही, कारण हॉर्नची ओळ वेगळ्या पट्टीत लिहिलेली असते. म्हणून स्कोअर खऱ्या स्वरांत लिहून तपासा आणि तशा जागी बसूनला एक सप्तक खाली ढकला.

वेगवान भागांत दोन गोष्टी बिघडतात, जीभ आणि दम. एकाच स्वरावरचे सेमीक्वेव्हर (क्रोचेटच्या चौथ्या भागाचे स्वर) व्हायोलिनला सहज जमतात. क्रोचेटला १२० च्या पुढे ओबो, क्लॅरिनेट आणि बसूनच्या हौशी वादकांची जीभ अडखळते. फ्लूट आणि हॉर्नला दुहेरी टंगिंग (जिभेच्या दोन आघातांनी आळीपाळीने स्वर तोडणं) सोपं जातं. मी अशा जागी चारापैकी दुसरा किंवा चौथा स्वर गाळतो, किंवा दोन-दोनच्या स्लर (न तोडता जोडलेले स्वर) घालतो. बासमध्ये क्वेव्हरचे (अर्ध्या क्रोचेटचे) ठोके चालू असतील तर क्रोचेट आणि विश्रांती करून टाका, बसूनवाला दुवा देईल. लांब पळती ओळ दोघांत वाटायची असेल तर सांधा ठोक्यावर ठेवा, आणि पहिल्याचा शेवटचा स्वर दुसऱ्याचा पहिला स्वर असू द्या. ठोक्याच्या आधी सोडलं तर हमखास भोक पडतं. ओबोची गोष्ट वेगळी आहे. त्याला हवा कमी पडत नाही, उलट साठून राहते. त्यामुळे घ्यायला एक आणि सोडायला एक अशा दोन जागा लागतात. छोटी खूण पुरत नाही, सबंध क्रोचेटची विश्रांती द्या.

दा कापो एरियात पहिला भाग पुन्हा येतो, आणि गायिका तो सजवून गाते. तुम्ही तसाच वाजवलात तर श्रोते घड्याळ बघणार. दुसऱ्या वेळी आवाज दुसऱ्या वाद्याला द्या, ओबोचा क्लॅरिनेटला, म्हणजे ओबोलाही दम मिळेल. सजावट लिहून द्यायची की वादकावर सोडायची, ते वादकावर अवलंबून. हौशी गटात मी कॅडेन्सजवळच्या दोन-तीन जागा लिहून देतो, बाकी मोकळ्या ठेवतो. ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद अदलाबदल) वरच्या स्वरापासून. क्लॅरिनेटच्या ब्रेकवर (खालच्या आणि वरच्या पट्ट्यांमधल्या सांध्यावर) पडणारी ट्रिल टाळा. अपोजिएचुरा (मुख्य स्वराआधी टेकलेला शेजारचा स्वर) किती लांब, यावर क्वांट्झ या फ्लूटवादकाने १७५२ मध्ये दिलेला नियम पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो: मुख्य स्वराचा अर्धा वेळ, आणि मुख्य स्वर डॉटेड (दीडपट लांब) असेल तर दोन तृतीयांश. पार्टमध्ये तो पूर्ण किमतीत लिहून टाका, म्हणजे पाच जण पाच तऱ्हांनी वाजवणार नाहीत. फ्रेंच ओव्हर्चरमधले डॉट तीव्र करायचे असतील तर तेही दुहेरी डॉटने स्पष्ट लिहा. सांगून लक्षात राहत नाही.

मूळ स्कोअरसाठी हँडलच्या बाबतीत क्रिसांडर या संपादकाची १९ व्या शतकातली आवृत्ती पुरेशी आहे, तिच्यावर आता हक्क नाहीत. फक्त त्यात सोप्रानोची ओळ जुन्या सी क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कोणती रेघ कोणता स्वर हे ठरवणारी खूण) आहे, मध्य सी सर्वांत खालच्या रेघेवर. ट्रेबल क्लेफ समजून उतरवलीत तर सगळं तिसऱ्याच्या फरकाने चुकतं, आणि गंमत म्हणजे काही बार तरीही बरे वाटतात, त्यामुळे चूक उशिरा सापडते. नव्या संपादित आवृत्तीतली कंटिन्यूओची (बासवरच्या कीबोर्डच्या साथीची) भर मात्र संपादकाची असते, ती उचलू नका, आकड्यांवरून स्वतःची करा.

पार्ट काढताना बसूनचं पान उलटायची जागा आधी ठरवा. त्याच्या ओळीत विश्रांती सर्वांत कमी असते, म्हणून दा कापोसाठी मागे जायला लावण्यापेक्षा पहिला भाग पुन्हा छापलेला बरा. ज्याला आठपेक्षा जास्त बार विश्रांती आहे त्याला ओबोच्या ओळीचे शेवटचे दोन बार छोट्या टायपात, त्याच्या वाद्याच्या पट्टीत द्या. आणि ३/२ मधले तुकडे पहिल्या वाचनाला थोडे जलदच घ्या. मिनिमसारखे पोकळ डोक्याचे पांढरे स्वर दिसले की सगळेच हात आखडता घेतात, आणि साराबांद रेंगाळली की ओबोच्या श्वासांचा सगळा हिशोब कोलमडतो.